पट्टा भिजवायचा राहिला

सासऱ्याला समुद्राच्या तळाशी पाठवावं, हे फक्त जावयालाच सुचू शकतं. माझ्या पन्नाशीला त्याने आम्हा नवराबायकोला पाण्याखाली डुबकी मारायला शिकवणारा वर्ग भेट दिला, तोही अगदी हसतहसत. मी एरवी गोष्टीला तिखटमीठ लावतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही मात्र अळणीच सांगतोय. बायको इथेच बसली आहे. एक शब्द जास्तीचा आला तर ती खाकरेल.

त्या दिवशी वर्गाचा शेवटचा धडा होता. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, समुद्र निपचित. आमचा मास्तर माझ्या मुलीच्या वयाचा. बोट थांबवून म्हणाला, "खाली मालवाहू जहाज आहे. घाबरू नका काका, ते अपघातात बुडालेलं नाही. मोकळं करून, धुऊनपुसून मुद्दाम बुडवलंय, माशांना घर व्हावं म्हणून. त्यात कधी कोणी मेलं नाही. म्हणून तर नवशिक्यांना तिथे नेतो."

"ह्यांना नेऊ नका आत," बायको म्हणाली. "दार दिसलं की वाकून बघायची सवय आहे."

पाठीवरचं हवेचं सिलिंडर जॅकेटला एका कापडी पट्ट्याने बांधलेलं असतं. तो पट्टा आधी पाण्यात भिजवायचा आणि मग आवळायचा. कोरडा आवळला तर पाण्यात गेल्यावर तो सैल पडतो आणि सिलिंडर घसरतं. मास्तराने हे पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं होतं. पण मी तेव्हा बायकोला देवमाशाशी झालेल्या माझ्या झटापटीची हकीकत सांगत होतो. पट्टा भिजवायचा राहिला.

खाली उतरलो. आपलाच श्वास एवढा मोठा ऐकू येतो, की दुसरं कोणीतरी शेजारी झोपलंय असं वाटतं. मास्कच्या आत रबराचा वास. जहाज तळावर सरळ बसलेलं, हिरवट उजेडात. त्याच्या पोटाला दोन्ही बाजूंनी मोठी भोकं पाडलेली. एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं. पुढे मास्तर, मध्ये बायको, मागे मी.

मध्येच डावीकडे एक दार दिसलं.

(खाकरली. बरोबर आहे, दार उजवीकडे होतं.)

वाकून पाहिलं. लहानशी खोली, भिंतीला लोखंडी खाट. कमरेपर्यंत आत गेलो आणि पाठीवर काहीतरी सरकलं. सिलिंडर घसरून खाली आलं आणि उंबऱ्याला अडकलं. तोंडातली नळी मागे ओढली गेली. ती सुटली असती, तर मी आज तुमच्यासमोर नसतो. दातांनी धरून ठेवली. पाय झाडले, तर तळाचा गाळ असा उठला की स्वतःचा हातही दिसेना. पाण्यात ओरडता येत नाही हो... ते पहिल्यांदा नीट कळलं. जबडा दुखायला लागला. रबर दातांतून हळूहळू निसटत होतं...

तेवढ्यात सिलिंडरचं वजन हलकं झालं. मागून कोणीतरी ते उचललं होतं. नळी सैल झाली, छाती भरून हवा मिळाली. मग माझ्या कमरेवर गुडघा टेकला. सामान बांधणारा हमाल टेकवतो तसा. काहीतरी करकचून आवळलं गेलं. एक वेढा, दुसरा वेढा, वर गाठ. खांद्यावर थाप पडली: चला आता.

बाहेर आलो. उजेडात बायको दिसली, डोळे मास्कएवढे. मास्तर तिच्या शेजारी. बोटीवर चढलो तेव्हा मला हसू आवरत नव्हतं, इतकं बरं वाटत होतं. ऊन, वारा, बायकोच्या शिव्या, सगळं गोड.

"मास्तर, जीव वाचवलात," मी म्हणालो.

"मी कुठे? मी बाहेरून बॅटरी दाखवत होतो. आत यायला निघालो, तर काकूंनी दंड सोडला नाही."

"दोघंही गेला असता तर मी कुणाकडे बघायचं होतं?" बायको म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "अहो... जरा वळा बघू."

वळलो. पट्टा लोंबत होता. सिलिंडर जॅकेटला दोराने बांधलेलं होतं. दोर नवाकोरा, पांढरा. मास्तराने गाठ सोडायचा खूप प्रयत्न केला. असली गाठ आपण पाहिली नाही म्हणाला. बायकोने एक टोक ओढलं आणि ती फुलासारखी सुटली. दोर निघतच राहिला, पायाशी ढीग झाला.

"ठेवू या का?" मास्तर पुटपुटला. "कोणाला तरी दाखवता येईल..."

"काही नको. ज्याचा आहे त्याला देऊन टाका." बायकोने ढीग उचलून पाण्यात सोडला आणि काठावरून वाकून म्हणाली, "उपकार झाले हो तुमचे. आमचे हे वेंधळे आहेत."

दोर थोडा वेळ तरंगला. मग खाली जाऊ लागला, पण बुडणारी वस्तू जाते तसा नाही. हातभर गेला, थांबला. पुन्हा हातभर. कोपराला वेढे घेत कोणी दोर गुंडाळावा, तसा संथपणे. आम्ही तिघं बघत राहिलो. भीती वाटायला हवी होती. मला मात्र घरचं कोणी आवरासावर करतंय असं वाटत होतं.

सगळा दोर गेला आणि शेवटी ताठ झाला. टोक बोटीतच अडकलं होतं, माझ्या टाचेखाली. खालून हिसका आला नाही. नुसता ताणून धरलेला, कोणी वाट बघत थांबावं तसा.

"अहो," बायको अगदी हळू म्हणाली, "पाय उचला..."

मी उचलला.