चेटकिणीसाठी चेहरा

अल्मा-आता शहरातल्या कार्टून स्टुडिओत चांगलं कोण आणि वाईट कोण, याचा निकाल चार नंबरच्या टेबलावर लागे. तिथं कामशात बसायची. नायिका आली की गोल गाल, मोठे डोळे, बुबुळात पांढरा ठिपका. दुष्ट आला की टोकदार हनुवटी, जुळलेल्या भुवया, चेहऱ्यावर खालून उजेड; आणि ठिपका रद्द. ठिपका काढला की गायसुद्धा संशयास्पद दिसते, हे तिनं एकदा करून पाहिलं होतं.

त्या वर्षीच्या सिनेमात अख्खं तळं पिऊन टाकणारी चेटकीण होती. दिग्दर्शक सेरगाजी आगांनी कामशातच्या सहा वर्षांच्या मुलीला, तोर्गिनला, पाहिलं आणि म्हणाले, "नायिका मिळाली. हाच चेहरा घे."

घरी सासूबाईंनी चहाची वाटी खाली ठेवली. "अख्ख्या देशाची नजर पडणार पोरीवर? डोकं फिरलंय का तुझं?" त्या नातीला जन्मापासून 'घाणेरडी' म्हणत, मायेनं, दृष्ट लागू नये म्हणून. "द्यायचाच असेल तर चेटकिणीला दे. तिला कोण मेलं नजर लावतंय!"

कामशात शिकली-सवरलेली होती. तिनं चेहरा चेटकिणीला दिला.

आगा खूश झाले. "विचित्र आहे. पोरं बाकाखाली घुसतील."

वसंतात सिनेमा लागला. पहिल्याच आठवड्यात पाववाल्या बाईनं तोर्गिनला परत पाठवलं. म्हणे, पाव संपले. फळीवर तीस पाव होते.

मग बालवाडीचा फोटो आला. बावीस पोरांच्या डोळ्यांत फ्लॅशचे ठिपके. तोर्गिनच्या डोळ्यांत काही नाही. "पैसे नकोत," फोटोग्राफर म्हणाला, "पण परत काढायला लावू नका."

डॉक्टरांनी बॅटरी मारून तपासलं. नजर उत्तम असल्याचं त्यांनी लिहून दिलं. लिहिताना फाइल मात्र तोंडासमोर धरली होती.

कामशातनं मुलीला खिडकीसमोर उभं केलं. खिडकी किटलीत दिसत होती, चमच्यात दिसत होती, फ्रॉकच्या बटणातही दिसत होती. तोर्गिनच्या डोळ्यांत नव्हती. नाकाची सावली कपाळाकडे चढलेली. हनुवटीला हात लावला, तर बोटाला टोचली.

"आपा, बघा तरी हिच्याकडे!" तिनं सासूबाईंना हाक मारली.

"दृष्ट लागली का?" सासूबाईंनी विचारलं. "नाही ना? मग!"

कामशात स्टुडिओत धावली. "आगा, तेवढा ठिपका घालू द्या. सगळी चित्रं मी पुन्हा रंगवते. बिनपगारी."

"अगं, दोनशे प्रती गेल्या गावोगाव. आणि ठिपका घातला तर पोरांना कळणार कसं? वाईट माणूस तीन सेकंदांत ओळखू यायला हवा."

"माझी मुलगी आहे ती."

आगांनी भिंतीवरच्या चेटकिणीकडे पाहिलं. "हो, ते दिसतंच आहे," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी तिला दारापर्यंत सोडलं. आजवर ते कुणालाच सोडायला उठले नव्हते.

ती घरी आली तेव्हा भर दुपार होती. सासूबाई घोरत होत्या. तोर्गिन चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत, कठड्याला टेकून उभी होती. सिनेमा तिला दाखवलेला नव्हता.

"आई, शेवटी माझं काय होतं?"

"तुझं कशाला काय होईल?"

"तिचं काय होतं मग?"

कड्यावरून पडते. चोवीस चित्रांत. कामशातनंच काढली होती. आणि म्हणे, गावोगावच्या थिएटरात नेमकी तिथंच पोरं टाळ्या वाजवत.

"काही नाही. झोपते ती."

"मग हे सगळे का आलेत?"

कामशातनं तिचा दंड घट्ट धरला आणि खाली पाहिलं.

अंगणात मुलं बसली होती.

ओळीनं. बुटकी पुढं, उंच मागं.

सगळे वर बघत होते.

पहिल्या ओळीतल्या सर्वांत लहान मुलीनं दोन्ही तळवे आधीच समोरासमोर धरले होते.