एरियल काढल्यावर आलेला आवाज

मोबाइल ठेवा खिशात, पोरांनो. ही थाप नाही. आपल्या सेनगावच्या विश्वंभरच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आहे, यंदाच्या चैत अवसेची.

त्या दिवशी तो हिंगोलीला गेला होता, फेराइटची कडी आणायला. विश्वंभर हॅम रेडिओवाला, म्हणजे सरकारी परवाना काढून घरबसल्या दूरदूरच्या लोकांशी बोलणारा. पण बोलताना त्याचा आवाज फाटायचा. त्याच्याच रेडिओची लहर उलटी माईकच्या वायरीत घुसायची. वायर कडीभोवती गुंडाळली की लहर अडते म्हणतात.

रात्री नऊला सगळे हॅमवाले साखऱ्याच्या सटवाजीकाकांना श्रद्धांजली वाहणार होते. पहिलं बोलायचं होतं विश्वंभरला, कारण काकांनीच त्याला रेडिओ शिकवलेला. आवाज फाटतो हे तोंडावर सांगणारेही एकटे तेच. बाकीचे "एकदम साफ" असा रिपोर्ट देऊन मोकळे! एका संध्याकाळी सगळ्यांच्या देखत हा फटकन बोलला, "काका, आवाज ठीक हाय माझा. तुमचेच कान गेलेत."

लोक हसले. काका "बरं" म्हणाले. पुन्हा रेडिओवर आलेच नाहीत, आणि होळीनंतर वारले.

मग कनेरगाव नाक्याच्या प्रेमदासनं खरं सांगितलं. "फाटूनच राहिला तुमचा आवाज, भाऊ. आमी भिडेपायी बोललो न्हाई." विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर त्या रात्री त्यानं कडी लावली. फरक नाही. माईक बदलला. तेच. शेवटी एरियल काढलं आणि त्याजागी डमी लोड लावला. तो लहर स्वतःच्या पोटात जिरवतो. बाहेर काही जात नाही, बाहेरचं आत येत नाही. स्वतःचाच आवाज तपासायला हेडफोन चढवून बटण दाबलं. बोलायचं काय? तोंडातून निघालं,

"काका... चुकलं माझं."

बटण सोडलं. खरखर. आणि मग काकांचाच आवाज...

"फाटूनच राहिला, बाबा. थांब जरा."

एरियलची वायर त्याच्या मांडीवर पडली होती.

सामसूम. कुत्रंसुद्धा भुंकेना.

"हां. आता बोल."

"सगळ्यांपुढं बोललो तुमाला... माफ करा, काका."

मग हळूच...

"आता साफ हाय."

त्यानं एरियल जोडलं. श्रद्धांजलीत आधी स्वतःचं पाप सगळ्यांना सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. आवाज एकदम स्वच्छ गेला.

सकाळी बायको, शकुबाई, अंगणातून ओरडली, "अहो, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोणं ओतलं?"

रेडिओची तार जमिनीत पुरलेला तो खड्डा. उन्हाळ्यात त्याला पाणी घालावं लागतं, नाहीतर लहर जमिनीत उतरत नाही. विश्वंभर ते साफ विसरला होता. आता तिथं घोटाभर चिखल होता.

आणि नळाला पाणी नव्हतं म्हणून घरातल्या सगळ्या रिकाम्या घागरी शकुबाईनं रात्रीच पालथ्या घातल्या होत्या.