सात आत, सात बाहेर

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली आहे.

मावशी एका कोल्ड स्टोरेजची मॅनेजर. उणे वीस तापमानाच्या खोल्या, आत गोठवलेल्या मासळीची खोकी. दारावर माणूस हवा होता. तिने सहासष्ट वर्षांचे एक निवृत्त गोदामवाले घेतले. मालकाने कपाळाला हात लावला. कार्डाचं मशीन असताना हा म्हातारा कशाला, म्हणाला. मावशी बधली नाही. बाकीच्या उमेदवारांनी सुट्ट्या विचारल्या होत्या. यांनी विचारलं होतं, दार आतून उघडतं का.

आतबाहेर करणारा प्रत्येक माणूस ते निरखून बघत आणि बोटांवर मोजत. हमाल त्यांना मोजणीमास्तर म्हणून चिडवायचे.

तो शनिवार होता. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. हमाल घरी निघालेले. मोठी खोली आता बंद केली की थेट सोमवारी उघडायची.

मशीन दाखवत होतं... सात आत, सात बाहेर.

मावशी किल्ली घेऊन आली. मास्तर दारासमोर उभे. हटेचनात.

"सातही बाहेर आले ना?" तिने विचारलं.

"सात आले, बाई. पण त्यातला एक आत गेलाच नव्हता."



मास्तर हळू आवाजात सांगू लागले. त्या खोलीतून येणाऱ्याच्या भुवया हिमाने पांढऱ्या होतात, तोंडातून वाफ निघते. सातव्याच्या भुवया कोरड्या होत्या.

आणि वाफ... नव्हतीच.

तिने दार उघडलं.

आत फक्त पंख्यांची घरघर.

मग ती घरघरही थांबली...

शेवटच्या रांगेमागे, कोसळलेल्या खोक्यांखाली, एक हमाल बेशुद्ध पडला होता. ओठ निळे. श्वास जेमतेम.

तो वाचला. सोमवारपर्यंत काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

त्याचं कार्ड त्याच्याच कोटाच्या आतल्या खिशात होतं. खिशाची चेन लावलेली.

मशीनमध्ये मात्र त्या कार्डाची नोंद होती. सहा वाजून चार मिनिटं... बाहेर.

मालकाने त्याच महिन्यात बाकीच्या दारांवरही वयस्कर माणसं नेमली. मशीनबद्दल कुणी बोललं नाही.

बऱ्याच दिवसांनी मावशीने धीर करून मास्तरांना विचारलं, तो सातवा गेला कुठे?

त्यांनी तिच्या ऑफिसाच्या दाराकडे बोट दाखवलं.

"तुमच्या ऑफिसात गेला, बाई. तुम्ही आत फोनवर होतात. त्याने दार लावून घेतलं."

तिला आठवलं. दार लागल्याचा आवाज आला होता. तिने मान वर केली नव्हती.

पुन्हा दार उघडलं, ते ती स्वतः बाहेर पडली तेव्हाच.

आता तिचं टेबल बाहेर, मास्तरांच्या शेजारी आहे. ऑफिसातून काही आणायचं असलं की ती आधी त्यांच्याकडे बघते. बहुतेक वेळा ते मान डोलावतात, जा म्हणून.

कधीकधी... डोलावत नाहीत.