चष्म्याची वाटी

मोबाइलची बॅटरी संपल्यामुळे कुणाचं भलं झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माझं झालं. त्या दुपारी त्याच्या फोनने ऐन रस्त्यात मान टाकली, आणि त्याबद्दल मी त्या फोनची आजही ऋणी आहे.

आमचं सलून तेव्हा रिकामं होतं. बाबा कात्र्यांना तेल देत बसले होते, मी टॉवेलच्या घड्या घालत होते. दार ढकलून एक उंच, चष्मेवाला तरुण आत आला. नजर हातातल्या काळ्या पडलेल्या स्क्रीनवर.

"जरा चार्जिंगला लावू का? पाचच मिनिटं..."

बाबांनी हाताने दाखवलं, सॉकेट खुर्चीमागे आहे. माझ्या बाबांना ऐकू सगळं येतं, बोलता येत नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून आम्ही बापलेक खुणांनी बोलतो. खुणा आमच्याच, घरी बनवलेल्या. दुकानात हात केसांत गुंतलेले असले की त्या समोरच्या मोठ्या आरशातून करायच्या. पण खूण कळायला बघावं लागतं, आणि याने बघितलं अर्धंच. हात खुर्चीकडे गेला एवढं त्याला दिसलं आणि साहेब मुकाट खुर्चीत जाऊन बसले. चार्जिंग हवं असेल तर आधी केस कापून घ्यावे लागतात, अशी त्याची समजूत झाली असावी.

मी तरी काय करणार? कुणी खुर्चीत बसलं की माझा हात आपोआप कापडाकडे जातो.

"चष्मा," मी म्हणाले आणि वाटी पुढे केली. ही आमच्याकडची जुनी पद्धत. चष्मा काढून ठेवायला आरशाखाली पितळेची एक छोटी वाटी असते. त्याने चष्मा वाटीत ठेवला, चार्जरला जोडलेला फोन मात्र मांडीवर घेतला. तो जरा उजळला, आणि चष्म्याशिवाय दिसेना म्हणून याने नाक थेट स्क्रीनला टेकवलं.

"मान वर."

मान वर आली. मी कात्री लावली. मान खाली गेली.

"मान वर ठेवा ना, प्लीज."

"हो हो, सॉरी... बोला."

बोलायचं काही नव्हतं, कापायचं होतं. आरशात बाबांनी माझ्याकडे बघून हनुवटी छातीला टेकवली आणि डोळे मिटले. मला खुदकन हसू आलं. त्या क्षणी त्याचं आमच्या भाषेतलं नाव ठरलं, मानखाली.

"काही झालं का?" त्याने विचारलं.

"बाबा म्हणतायत, केस छान आहेत तुमचे."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. "ऑफिसमधले हसतायत. मानेवरची रेघ घसरगुंडीसारखी तिरकी आहे म्हणे."

"रेघ सरळच होती. मान तिरकी होती."

"म्हणजे चूक माझी?"

"तुमच्या मानेची. पण रेघ वाकडी गेली तर पैसे न घेता सरळ करून द्यायची, असा आमचा नियम आहे. बसा."

"आणि परत वाकडी गेली तर?"

"तर... परत या."

बोलून गेले आणि माझेच कान गरम झाले. बाबा आरशात भुवया उंचावून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मग तो येतच राहिला. आठवड्यात केस वाढून वाढून किती वाढणार? कधी कल्ले, कधी दाढी, कधी नुसतंच 'इकडून चाललो होतो'. त्याचं काम ऐकून मी पोट धरून हसले होते. बुटांच्या एका कंपनीत तो सोशल मीडिया सांभाळायचा. म्हणजे बूट चावतो, बूट उसवला, बूट एकाच पायाचा आला, अशा लोकांच्या तक्रारींना दिवसभर गोड उत्तरं द्यायची.

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी ऑफिस सुटतं, अंगठा सुटत नाही. एक उत्तर द्यायला फोन उघडतो... मग कुणाचं तरी मांजर दिसतं, मग कुणाचं लग्न. मान वर करतो तोवर जेवण गार झालेलं असतं."

"मांजर निदान गोड असतं का?"

"आठवत नाही, हीच तर गंमत आहे." तो हसला खरा, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं.

एकदा म्हणाला, "तुमच्या सलूनचं पेज बघितलं मी. दिवसाला एकच फोटो?"

"सकाळी चहाबरोबर एक टाकते. कुणी काही विचारलं असेल तर उत्तर देते, की बंद."

"आणि लोक काय म्हणाले ते बघावंसं वाटत नाही?"

"उद्या सकाळी बघते ना. पोस्टमन टपाल देऊन जातो. दिवसभर उंबऱ्यात ठाण मांडून बसत नाही."

त्याने मांडीवरच्या फोनकडे बघितलं. "माझ्या उंबऱ्यात बसलाय..." म्हणाला.

मी फोनला नावं ठेवणाऱ्यांतली नाही. कशी ठेवीन? बाबांचा आवाज गेला तेव्हा साधे फोनही बंद झाले. न बोलणाऱ्याशी कोण फोनवर बोलणार? मग व्हिडिओ कॉल घरात आला आणि माझी आत्या त्यांना परत मिळाली. दोघं रोज संध्याकाळी हातवारे करून भांडतात. बाबांना सगळं ऐकू येतं, तरी आत्या ओरडूनच बोलते. फोनने आमच्या घराला हे दिलंय, त्याचे उपकार विसरता येत नाहीत.

आमच्या खुणा आता त्यालाही दिसायला लागल्या होत्या. "ही कुठली?" त्याने एकदा विचारलं. बाबांनी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला बघून तळहात छातीवर ठेवला होता आणि मग बोट जमिनीकडे केलं होतं.

"आपला माणूस. आला की इथेच येणार, दुसरीकडे जाणार नाही."

"मग मी?"

"बाबांना विचारा."

बाबांनी पंजा हवेत डुलवला. अजून नक्की नाही. मी म्हणाले, "मान वर राहायला लागली की ठरवू."

गंमतीत म्हणाले होते. पण आत कुठेतरी ती माझी अटच होती. जो माझ्या घरचा होईल त्याला माझ्या बाबांचं बोलणं ऐकू यायला हवं, आणि आमच्याकडे ऐकायचं ते डोळ्यांनी. मला तो आवडायला लागला होता. फार आवडायला लागला होता. म्हणून भीतीही वाटत होती.

ती भीती एका शनिवारी खरी झाली. आरशावरचा दिवा गेला म्हणून बाबा स्टुलावर चढले होते. समोरच्या दुकानातून ब्लेड आणायला मी निघाले आणि त्याला म्हणाले, "दोनच मिनिटं. बाबांकडे डोळ्यात तेल घालून बघा हं."

"जा हो बिनधास्त."

मी रस्ता ओलांडून परत आले तेव्हा बाबा जमिनीवर होते. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, चेहरा पांढराफटक. तो त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता. खुर्चीत त्याचा फोन अजून चालूच होता, कुणीतरी त्यात नाचत होतं.

झालं होतं ते एवढंच. बाबांनी नवा दिवा मागायला हात पुढे केला. त्याने बघितलं नाही. त्यांनी कंगव्याने आरशावर टकटक केलं. 'इकडे बघ' ही आमची सगळ्यात पहिली खूण. ते त्याला ऐकू आलं, पण त्याला वाटलं काहीतरी ठोकतायत. शेवटी बाबा स्वतःच वाकले, आणि स्टूल कलंडलं.

"मी फक्त एक तक्रार बघत होतो..." तो म्हणाला.

"त्यांना ओरडता येत नाही!" मी ओरडले. दोघांच्या वाट्याचं ओरडले. "तुमच्या डोळ्यांशिवाय त्यांना आवाज नाही. तुम्ही मान खाली घातलीत की त्यांच्या तोंडावर हात ठेवता तुम्ही!"

त्याने बाबांना आधार देऊन उठवलं. डॉक्टरकडे आमच्याबरोबर आला, हाड मोडलेलं नाही, नुसतं मुरगळलंय असं कळेपर्यंत दाराशी उभा राहिला, आणि मग निघून गेला. मी थांबवलं नाही.

नंतरचे आठवडे दुकान माझ्या एकटीच्या हातावर चाललं. बाबा पट्टी बांधून बाकावर बसायचे आणि डाव्या हाताने बोलायचे. त्यांच्या खुणा अडखळायला लागल्या होत्या. दर शनिवारी एक खूण मात्र स्वच्छ असायची. हनुवटी छातीला, आणि भुवया वर. मानखाली आला का?

"नाही आला," मी म्हणायचे. "आणि येऊही नये."

बाबा माझ्याकडे बघत राहायचे. आवाज नसलेल्या माणसापुढे खोटं बोलणं फार अवघड असतं, तो नुसता बघतो. मला त्याची आठवण यायची. दार वाजलं की माझी कात्री थांबायची.

आणि एक दिवस दार वाजलं... आणि तो होता. केस कपाळावर, कानांवर, कॉलरवर. मधल्या आठवड्यांत कुठेच जाऊन कापलेले नव्हते. माझ्या मनाविरुद्ध माझा जीव भांड्यात पडला.

त्याने फोन बंद करून चष्म्याच्या वाटीत ठेवला. मग बाबांसमोर ताठ उभा राहिला आणि दोन्ही हातांनी खुणा करायला लागला. भराभर, एकामागून एक, घामाघूम होऊन. छातीवर मूठ फिरवली, बोटं जोडली, सोडली, परत जोडली. बाबांनी मोठ्या आदराने सगळं शेवटपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे वळून डाव्या हाताने विचारलं:

'हा काय विकतोय?'

मी हसले. रागावायचं ठरवलेलं होतं, पण हसू आवरेचना.

"चुकलं का?" तो कावराबावरा. "एक बाई आहेत, त्यांना ऐकू येत नाही. त्या व्हिडिओंतून खुणांची भाषा शिकवतात. रोज एक धडा बघायचो, मग फोन ड्रॉवरमध्ये, आणि आरशासमोर सराव. माफीचा अख्खा परिच्छेद पाठ केला..."

"अहो, त्या खऱ्या भाषेतल्या खुणा! आमच्या घरगुती आहेत. बाबांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही."

तो मटकन बाकावर बसला, बाबांच्या शेजारी. बाबांनी त्याचा हात हातात घेतला. माफी कळायला त्यांना भाषा लागली नव्हती.

"आणि बाकीचं?" मी विचारलं. "अंगठा?"

"तक्रारी आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच. ऑफिस सुटलं की लोकांचे बूट सकाळपर्यंत चावू देत." मग खाली बघत—आणि लगेच मान वर करत—म्हणाला, "पण काल घसरलो. मांजरं बघत बसलो, बस चुकली. पूर्ण सुटलंय असं खोटं नाही सांगणार."

त्या 'काल घसरलो'साठी मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. सुटलंच म्हणाला असता तर माझा विश्वास बसला नसता.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी यायचा. बाबांच्या मनगटाच्या व्यायामाला रबरी चेंडू धरून समोर बसायचा, आणि बाबा त्याला आमची भाषा शिकवायचे. पाणी. पुरे. हे गिऱ्हाईक फार बोलतं. माझी मुलगी चिडली आहे. ही शेवटची खूण त्याला सगळ्यात आधी आली.

मनगट बरं झालं. डॉक्टरांनी कात्री धरायला परवानगी दिली, तेव्हा बाबांनी पहिली कटिंग त्याचीच करायची ठरवली. एवढ्या दिवसांनी हात चालवणार, रेघ वाकडी जायची धास्ती. पण तो खुर्चीत बसला, चष्मा आणि फोन वाटीत ठेवले, आणि मान अशी सरळ धरली की मला त्याच्या मानेचा अभिमान वाटला. मी पाण्याचा फवारा घेऊन शेजारी उभी होते.

बाबांचा हात अजिबात डगमगला नाही. मानेवरची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ उतरली. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात कापड हललं. त्याने आतून दोन्ही हात बाहेर काढले. केस सगळीकडे उडाले. बाबांची कात्री थांबली. आरशाकडे बघत त्याने स्वतःकडे बोट केलं. मग तळहात छातीवर, आणि बोट जमिनीकडे. मी आपला, इथेच. मग सावकाश, खूप गंभीरपणे, त्याने 'हिच्याजवळ' म्हणून बोट दाखवलं... टॉवेलच्या रॅककडे.

चष्म्याशिवाय त्याला सगळं धूसरच दिसत होतं.

बाबांचे खांदे हसून गदगदायला लागले. मी फवारा खाली ठेवला. तो तसाच बोट रोखून, टॉवेलांच्या उत्तराची वाट बघत बसला होता.

"काहीतरी बोला ना..." तो हळूच म्हणाला. "मला दिसत नाहीये."

मी वाटीतला चष्मा उचलला, पदराच्या टोकाने पुसला आणि माझ्या हातांनी त्याच्या नाकावर ठेवला. दांड्या कानांमागे नीट अडकवल्या. आरशात आमची नजर भेटली.

"आता दाखव," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'अहो' सोडून.

त्याने दाखवलं. या वेळी बोट बरोबर माझ्याकडे आलं.

बाबांनी कंगव्याने आरशावर टकटक केलं. इकडे बघा. आम्ही दोघांनी बघितलं. त्यांनी हनुवटी छातीला टेकवली, त्याचं जुनं नाव. मग ती हळूहळू वर उचलली, अगदी वर, आणि तिथेच ठेवली. जुनं नाव गेलं, हे नवं.

वाटीत फोन थरथरला. पितळ किणकिणलं.

"तक्रार असेल कुणाची तरी," तो माझ्यावरची नजर न हलवता म्हणाला.

"माझी नाही," मी म्हणाले. आणि त्याला नीट दिसेल अशी, तळहात छातीवर ठेवून, मी जमिनीकडे बोट केलं.