पूर्ण वाक्यात उत्तर द्या

मी मुळातच संशयी. आई म्हणते, अवंती देवळातला प्रसादसुद्धा हुंगून खाते. तेव्हा हर्षल सरांवर मी लगेच विश्वास ठेवला असता, तर नवलच!

जव्हारहून सुटलेल्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. समोरच्या बाईच्या टोपलीत कोंबडी फडफडली आणि मी किंचाळून थेट त्यांच्या अंगावर...

"घाबरू नका, बांधलीय ती," ते हसू दाबत म्हणाले.

"घाबरले नाही. दचकले."

खिडकीतून पावसाची भुरभुर आत येत होती. त्यांनी काच ओढून घेतली. माझा थांबा आला तशी मी उतरले.

दुसऱ्याच आठवड्यात आम्हा शिक्षकांच्या इंग्रजी प्रशिक्षणात हेच समोर उभे! खोडाळ्याकडच्या शाळेतले शिक्षक, आता आम्हाला एआय शिकवणार. "विषय सांगा, ॲप संवाद लिहून देतं," म्हणाले. मग दर शनिवारी माझ्या पाचवीसाठी ते मोबाइलवर एक संवाद पाठवू लागले.

माझ्या वर्गाचे नियम दोन. मी म्हणेन ते मागोमाग दोनदा म्हणायचं, आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. कुणी नुसतं 'येस' म्हणालं की अख्खा वर्ग ओरडतो, "फुल सेंटेन्स!"

पहिले दोन संवाद पोरांनी जांभया देत वाचले. तिसऱ्यावर मात्र तुटून पडली, आणि मला घाम फुटला. त्यातली टीचर कोंबडीला घाबरत होती! चौथ्यात ती बिनसाखरेचा चहा पीत होती. पाचव्यात तिची छत्री हिरवी, एक काडी मोडलेली...

अगं बाई, ही तर मीच! ॲपला कसं कळलं? दोन दिवस मी फोन नागलीच्या पिठाच्या डब्यात लपवला. मग डोक्यात प्रकाश पडला. कोंबडी हर्षल सरांनी पाहिली होती, प्रशिक्षणात चहा आणि छत्रीही. म्हणजे या माणसाने माझी बारीकसारीक माहिती मशीनला पुरवली! फार वाईट वाटलं. शनिवारची मी वाट बघायला लागले होते ना!

मी सरळ गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे तक्रार लिहिली. ती गेली असती तर यांचं प्रशिक्षणाचं काम गेलं असतं, आणि माझ्या पोरांचे संवादही.

सर वर्गभेटीला आले, तेव्हा दारातच मी कागद पुढे केला.

"माझी माहिती मशीनला कशाला दिलीत?"

"नाही दिली."

"मग काय, माझी छत्री त्याच्या स्वप्नात आली?"

तक्रार वाचून त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम... ॲपने पहिले दोनच दिले. एक विमानतळावरचा, एक हॉटेलातला. पोरांना काही कळलं नाही, तुम्हीच म्हणालात. मग... मीच लिहायला लागलो."

"आणि नाव ॲपचं?"

"माझं म्हटलं असतं तर तुमचं लाल पेन चाललं असतं."

"पुरावा?" मी हात पुढे केला.

त्यांनी पिशवीतून वही काढली. पानोपानी खाडाखोड. छत्री आधी निळी, ती खोडून हिरवी. शेवटच्या पानावर एक ओळ खोडलेली होती... तरी वाचता येत होती. माझे कान तापले.

"ही का खोडलीत?"

"पाचवीच्या अभ्यासक्रमात बसत नाही."

"वाचा. मोठ्याने."

अख्खा वर्ग पुढे सरकला. सरांनी घसा खाकरला. वही उलटी धरली होती, ती सरळ केली.

"डू यू... लाइक मी?"

इतकं घाबरून कुठलं ॲप बोललं असतं? माझा संशय तिथेच संपला. तक्रारीची घडी करून मी पर्समध्ये कोंबली.

"येस," मी पुटपुटले.

"मॅडम!" पुढे बसलेली गौरा उठूनच उभी राहिली. "फुल सेंटेन्स!"

मेले! नियम माझाच होता.

"येस... आय लाइक यू."

आणि माझ्या सत्तावीस पोरांनी, सरांकडे बघत, ते वाक्य खणखणीत आवाजात दोनदा म्हटलं.