चार हातांचं मशीन

"निळी गोकर्ण आहे का हो? आईने पाठवलंय," असं म्हणत तो सोमवारी बियाणंघराच्या दारात उभा राहिला, तेव्हा ती कॉम्प्युटरशी भांडत होती.

"आहे," मान वर न करता ती म्हणाली. "अकरा हजार पाकिटांत कुठेतरी आहे. शोधा!"

तो हसला. त्या हसण्याने तिने मान वर केली... आणि जरा जास्तच वेळ वर ठेवली.

दुखणं असं होतं. पाकिटांवर नुसते आकडे. कुठल्या आकड्यात कुठलं बी, ही माहिती सगळी डेटाबेसमध्ये. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा आला, आणि नव्यावरचा डेटाबेस जुन्या नोंदींना ओळखच दाखवेना. शुक्रवारी समितीची बैठक. तोवर नोंदी उघडल्या नाहीत, तर बिननावाची पाकिटं सरळ टाकून द्यायची असं ठरलं होतं. तीस वर्षं जमवलेली बियाणी! नोंदणीचं काम तिच्याकडे, त्यामुळे चार दिवस ती त्या कॉम्प्युटरपुढून हलली नव्हती.

तो निघाला प्रोग्रामर. स्क्रीनकडे बघत म्हणाला, "तुम्हाला या डेटाबेसच्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती लागेल. ती आता तयार मिळत नाही. पण तिचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे. म्हणजे बघा, पीठ मिळत नाही, गहू मिळतो. दळायचं आपण."

"आपण?"

"म्हणजे... मी. तुम्ही नुसतं बसा." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला मनातून फार बरं वाटलं.

मंगळवारपासून तो ऑफिसातून दुपारची सुट्टी काढून येऊ लागला. एक आज्ञा टाइप करायची, की स्क्रीनवरून ओळी सरसर वर जायच्या. पाऊण तास नुसतं बघायचं. खिडकीतून ऊन यायचं, ताटांत वाळत घातलेल्या धण्यांचा वास खोलीभर असायचा, आणि बोलता बोलता पाऊण तास कुठे जायचा ते कळत नसे. मग मध्येच काहीतरी अडायचं. स्क्रीनभर चुकाच चुका!

तो मात्र कधी चिडला नाही. अगदी वर जाऊन पहिली ओळ वाचायचा.

"शेवटची चूक सगळ्यात जास्त ओरडते," तो म्हणाला, "पण खोट पहिल्या चुकीत असते. ती सापडली की बाकीच्या आपोआप गप्प होतात."

की-बोर्डवर मुठी आपटणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. एवढ्या निगुतीने, एवढ्या प्रेमाने चूक वाचणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होती. बघतच राहावं असं वाटायचं.

"काय गं, घोडं कुठे पेंड खातंय?" तिच्या वरिष्ठ, मोठ्या बाई, दारातून डोकावल्या.

"एक लायब्ररी, म्हणजे कोडचा एक तुकडा, सापडत नाहीये, बाई."

"मी मशीनचं विचारत नाहीये," म्हणत त्या चष्मा सावरत निघून गेल्या.

बुधवारी सगळ्या चुका संपल्या. शेवटचं कंपाइल, म्हणजे ते दळण, सुरू झालं... आणि पाच मिनिटं उरली असताना वीज गेली. उद्या पुन्हा पहिल्यापासून!

गुरुवारी त्याचा फोन आला. "मीटिंगमध्ये अडकलोय. साडेचारला पोचतो. घाबरू नका हं."

तिला कुठला धीर निघतोय! सोर्स कोडबरोबर आलेली सूचनांची फाइल उघडून ती स्वतःच वाचायला बसली. तिसऱ्या पानावर ती थबकली. मशीनला चार प्रोसेसर, म्हणजे जणू चार हात, असतील तर चार कामं एकदम करायला सांगता येतात. आज्ञेपुढे फक्त आकडा लिहायचा.

तिच्या मशीनला चार होते. तिने चारचा आकडा लिहिला.

काम अकरा मिनिटांत संपलं. चाचण्या पास झाल्या, नोंदी उघडल्या. तिने पहिल्यांदा शोधली ती निळी गोकर्ण. पाकीट क्रमांक सात हजार तीनशे सहा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि मग हळूहळू तिला हसू फुटलं.

साडेचारला तो धापा टाकत आला. तिने पाकीट त्याच्या हातावर ठेवलं.

"झालं?" त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच थोडा उतरलाही. "अरे वा... मग आता माझं काही काम नाही."

"चार हातांच्या मशीनला तुम्ही तीन हात मागे बांधून बसवलंत. मुद्दाम?"

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

"बोला ना!"

"अकरा मिनिटांत संपलं असतं तर... मला उठावं लागलं असतं."

"आणि माझं काम बुडालं असतं तर?"

त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "वीज गेली आणि माझं धाबं दणाणलं. काल घरी जाऊन आख्खं कंपाइल करून ठेवलं. तुमची बियाणी मी जाऊ दिली नसती. पण माझी चूक झाली. पहिलीच सांगतो..." त्याने मान वर केली. "सोमवारी तुम्ही 'शोधा' म्हणालात ना, तेव्हाच मला तुम्ही आवडलात. बाकीचं सगळं त्यातूनच झालं."

ती खुर्चीवरून उठली, आणि दाराशी जाऊन वळून म्हणाली, "मोठ्या बाईंच्या मशीनवरही हेच बसवायचंय. येताय ना?"

"आत्ता?" तो गडबडीने तिच्या मागे निघाला. "किती हातांनी?"

"एका," मोठ्या बाईंच्या मशीनपुढे बसत ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी आपल्या शेजारी खुर्ची ओढली.