उसनी आवड

आईला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते आणि तिच्या आतड्याचं अस्तर अजून जिवंत होतं. जतच्या एका सात वर्षांच्या मुलीच्या पोटात.

नीरजाला हे दवाखान्याच्या पत्रानं कळलं. आईनं हयातीत याबद्दल ब्रही काढला नव्हता. मुलीच्या पोटात त्या अस्तराची फेरपेरणी करायची आहे, दाता हयात नसल्यानं वारसाची सही हवी, असं पत्रात होतं. तिनं उलट कळवलं, ‘आधी मुलीला बघेन.’

मिरजेच्या त्या दवाखान्यात डॉ. मुजावरांनी तिला नीट समजावलं.

“आतड्याला आतून मखमलीसारखं अस्तर असतं. दूध, साखर फोडणारी विकरं, म्हणजे पाचकद्रव्यं, तिथंच तयार होतात. या मुलीच्या, भैरवीच्या, आतड्याच्या दुखण्यात ते झिजून गेलं. घोटभर दूध प्यालं तरी ते न पचता पोटात आंबायचं. जुलाब, कळा. पाचव्या वर्षी वजन अकरा किलो. तुमच्या आईंच्या पेशींपासून आम्ही नवं अस्तर वाढवलं आणि तिच्या आतड्यात पेरलं.”

“आई सत्तरीची होती, डॉक्टर.”

“अस्तराला वय नसतं हो. ते दर पाच दिवसांनी नवं होतं. पण परक्या पोटात दोन वर्षांनी विरळ व्हायला लागतं.”

“आणि मी सही नाही केली तर?”

“दुसरा दाता जुळेलच असं नाही. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणखी एक. या अस्तरात काही पेशी चाखणाऱ्या असतात. आलेलं अन्न मानवतंय की नाही, हे त्या मेंदूला कळवतात. त्यामुळं मुलांना दात्याच्या आवडीनिवडी लागतात. आम्ही त्याला ‘उसनी आवड’ म्हणतो.”

नीरजाच्या डोक्यात तेवढंच राहिलं. आईची आवड! अकरा वर्षं दर रविवारी तिनं आईसाठी गव्हल्यांची खीर केली होती, वर सढळ हातानं जायफळ किसून. “नीरजाच्या हातची खीर कुणाला जमायची नाही,” असं आई शेजारीपाजारी सांगायची. ती आवड आता कुणा परक्या पोरीच्या पोटात बसून तिसऱ्याच्याच हातचं खात होती. सही न करणं आपल्या हातात आहे, हे नीरजाला जाणवलं. आणि ते तिला बरं वाटलं, याची लाजही वाटली.

भैरवीच्या तपासणीच्या दिवशी ती खिरीचा डबा घेऊन गेली. भैरवीची आई, कांचन, लगबगीनं उठली. “ताई, तुमच्या आईमुळं पोरगी हाय बघा.”

भैरवी खुर्चीत पाय हलवत बसली होती. “आधी मी दूध बघितलं तरी रडायची. आता दोनदा खाते दूधभात!”

“तुझ्या पोटात कुणाचं अस्तर आहे, ठाऊक आहे?”

“आजीचं. माझ्या.”

“माझ्या आईचं,” नीरजा म्हणाली. आवाज हवा होता त्याहून कडक निघाला.

“मग ती आपल्या दोघींची,” भैरवी म्हणाली.

नीरजानं वाटी भरून तिच्या हातात दिली आणि टक लावून बघत राहिली. तीन चमचे भराभर गेले. चौथा रेंगाळला. थोड्या वेळानं पोरीनं पोटावर हात ठेवला, आईकडं पाहिलं. कांचननं डोळ्यांनी दटावलं. भैरवीनं चमचा खाली ठेवला आणि हसून म्हणाली, “छान झालीय. पण पोट भरलं.”

नीरजाचा हात डब्यावर तसाच राहिला. अकरा वर्षं, दर रविवारी अर्धी वाटी, आणि हेच शब्द. आईचं खाणंच कमी, असं ती धरून चालली होती.

“असं बोलायला तुम्ही शिकवलंत हिला?”

“व्हय ताई. कुणी मायेनं केलेल्याला नावं ठिवू नयेत.” कांचन ओशाळली. “चुकलं का काय पोरीचं?”

मुजावरांनी खिरीचा वास घेतला. “जायफळ दिसतंय. दुधाचं काही नाही, जायफळ सोसत नाही या अस्तराला. मळमळतं.”

अर्ध्या तासात मळमळ ओसरली आणि भैरवीनं आपला डबा मागितला. दूधभात, वर चिमूटभर मीठ. ती वाटीत वाकून, बोलायचं विसरून, पाची बोटं चाटत जेवू लागली.

नीरजानं सही केली, पण उठली नाही. आईला असं जेवताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.